काडतूस नेमके अडते कुठे?

माझा भाचा तुमसर तालुक्यातले आमचे गाव सोडून अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नोकरीला गेला, तिथे त्याला नेमबाजीचा नाद लागला, आणि त्या नादापाठोपाठ वापरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या गोळा करून त्या घरीच पुन्हा भरण्याचा दुसरा नाद लागला. तिकडे स्वतःच्या वापरापुरते हे काम करणे ही सर्रास चालणारी गोष्ट असून त्यासाठीची यंत्रे दुकानात राजरोस मिळतात. आमच्याकडे धानाची रोवणी चालू असताना एका रात्री त्याचा फोन आला. "मामा, शंभर काडतुसं भरली, पण त्यातली चौदा पिस्तुलात बसतच नाहीत. स्लाइड दोन-तीन मिलिमीटर आधीच थांबते. अंगठ्यानं रेटून पाहू का?" स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा, पुढे-मागे सरकणारा भाग. मी फौजेत आर्मरर होतो, म्हणजे शस्त्रांची देखभाल आणि दुरुस्ती हेच माझे काम होते, आणि 'रेटून पाहू का' या प्रश्नाने त्या काळातही माझ्या अंगावर काटा येत असे. त्याला अंगठा काढायला सांगितला आणि पुढचे चार-पाच दिवस रोज रात्री जे समजावले, ते इथे नीट क्रमाने लिहीत आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्या देशात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शिवाय भाचा ज्या मापाचे पिस्तूल वापरतो ते ९ मिमी हे माप आपल्याकडे सर्वसामान्य नागरिकाला मिळतच नाही. ते सैन्य आणि पोलिसांकडे असते. तेव्हा हा लेख गावात कोणी प्रयोग करावा म्हणून नाही. बंद झालेल्या पंपाजवळ चार माणसे उभी राहून बेअरिंग का घासले याची चर्चा करतात, त्या जातीच्या कुतूहलासाठी तो आहे.

बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो, पण इथे तसे करून चालणार नाही. काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची नळकांडी ती पुंगळी, जिला फौजेत आम्ही खोखा म्हणत असू, तिच्या बुडात बसवलेली, ठोक्याने पेटणारी छोटी टोपी म्हणजे प्राइमर, आत दारू, आणि पुंगळीच्या तोंडात घट्ट धरलेली, उडून जाणारी ती गोळी. आमच्या भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरची आयुधनिर्माणी असल्यामुळे यातला एखादा तरी शब्द घरोघरी ठाऊक असतो. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी पूर्वी ज्या ठासणीच्या बंदुका असत, त्यांत हा सगळा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण दारू आणि शिसे नळीच्या तोंडातून एकामागून एक ठासले जाई आणि कशात काही 'बसवण्याची' गरज नसे. काडतूस आले, आणि त्याच्याबरोबर त्याला बसण्यासाठी नेमक्या मापाचे घरही आले.

हे घर म्हणजे चेंबर, नळीचा मागचा भाग. पिस्तुलाची स्लाइड पुढे सरकताना मॅगझिनमधले, म्हणजे काडतुसे रचून ठेवलेल्या डबीतले, वरचे काडतूस ढकलत नेते आणि या घरात बसवते. काडतूस किती आत जाऊन थांबावे हे ठरवण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत आणि साऱ्या प्रकरणाचे मर्म तिथेच आहे. बारा बोअरच्या काडतुसाला किंवा ०.३८ इंची मापाच्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते. ती कडा टेकली की काडतूस थांबते, जसे डब्याचे झाकण आपल्या काठावर थांबते. ९ मिमीच्या पुंगळीची कडा मात्र अंगाच्या जवळजवळ बरोबरीतच असते, त्यामुळे थांबायला तिचा उपयोग नाही. चेंबरच्या पुढच्या टोकाला एक बारीक पायरी कोरलेली असते आणि पुंगळीचे तोंड त्या पायरीवर येऊन टेकते. म्हणजे ज्या तोंडाने गोळी धरून ठेवायची, त्याच तोंडाने काडतुसाला थांबवायचेही आहे. एकाच बैलाला दोन कामे लावली की दोन्हीकडे लक्ष ठेवावे लागते, तसे इथे आहे.

मापे सांगितल्याशिवाय हे पटणार नाही. ९ मिमीच्या पुंगळीची लांबी जास्तीत जास्त १९.१५ मिमी, गोळीसकट काडतुसाची एकूण लांबी जास्तीत जास्त २९.६९ मिमी, बुडाजवळचा व्यास ९.९३ मिमी आणि तोंडाजवळचा ९.६५ मिमी. यावरून दिसेल की पुंगळी सरळ नाही, थोडी निमुळती आहे. ही कमाल मापे झाली. चेंबर त्याहून किंचित सैल कोरतात आणि ही मोकळीक तोंडाशी काही शतांश मिलिमीटरच असते. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ०.०५ ते ०.१ मिमी जाड असतो. तेव्हा काडतूस एका केसाएवढे जाड झाले तरी अडणार, आणि डोळ्यांना मात्र ते बाकीच्यांसारखेच दिसणार.

कारखान्यात ही जाडी यंत्रे राखतात. घरी भरणाऱ्याला ती स्वतः राखावी लागते, आणि त्याच्याकडे येणारी पुंगळी एकदा उडालेली असते ही मुख्य अडचण. गोळी झाडली जाते तेव्हा आतल्या वायूच्या दाबाने पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, त्यामुळे वायू मागे फुटत नाही, आणि दाब ओसरताच ते पुन्हा आवळते. पण पूर्ववत होत नाही, ज्या चेंबरमध्ये फुगली त्याच्या आकाराची थोडी आठवण पुंगळीत राहतेच. पितळेचा हा स्वभाव भंडाऱ्याच्या लोकांना वेगळा सांगायला नको. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले, आणि ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की तो तापवून मऊ केल्याशिवाय पुढे घडवता येत नाही हे तिथल्या कारागिराला लहानपणापासून माहीत असते. पुंगळीचे पितळही त्याच कुळातले, सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. हे ऐकून भाच्याने लगेच विचारले की मग पुंगळ्या तापवून मऊ कराव्यात का. मुळीच नाही. पिस्तुलाच्या पुंगळीचे बूड कडक राहणे हीच चालवणाऱ्याच्या डोळ्यांची आणि हातांची हमी आहे. इतक्या आखूड पुंगळीला आच दाखवली तर ती बुडापर्यंत पोहोचते आणि मऊ झालेले बूड दाबाखाली फाटू शकते.

पुंगळी तापवून नव्हे, दाबून मूळ मापावर आणतात. प्रेस नावाच्या तरफेच्या यंत्रात ती कठीण धातूच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, रेटली जाते. मग तिचे तोंड गोळी सहज आत शिरावी म्हणून किंचित उमलवतात, प्राइमर आणि दारू भरतात, गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत बसवतात, आणि शेवटी उमललेले तोंड पुन्हा सरळ करतात. या शेवटच्या क्रियेला क्रिंप म्हणतात. यातल्या प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते, परंतु प्रत्येक चूक काडतुसाच्या वेगळ्या जागी खूण ठेवते. म्हणूनच 'बसत नाही' ही तक्रार घेऊन बसण्यात अर्थ नाही. कुठे अडते, एवढेच विचारायचे.

ते विचारण्याची रीत साधी आहे. मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, पिस्तूल उघडावे आणि नळी वेगळी काढून हातात घ्यावी. नळीचे तोंड खाली धरून चेंबरमध्ये काडतूस नुसते सोडावे, ढकलू नये. चांगले काडतूस 'टक्' असा स्वच्छ आवाज करून बसते, त्याचे बूड नळीच्या मागच्या कडेच्या बरोबरीत येते, दोन बोटांनी फिरवले तर मोकळे फिरते आणि नळी उलटी केली की आपल्याच वजनाने तळहातावर पडते. या चारांपैकी एकही गोष्ट चुकली तर ते काडतूस बाजूला ठेवायचे. या परीक्षेचा मोठा फायदा असा की नळी पिस्तुलापासून सुटी असल्यामुळे ठोका मारणारी पिन जवळपासही नसते, आणि स्प्रिंगचा जोर नसल्यामुळे खोड लपत नाही. पिस्तुलात स्लाइडची स्प्रिंग थोडे जाड काडतूसही रेटून बसवते आणि माणूस समजतो की सगळे ठीक आहे.

अडलेले काडतूस ओळखले की त्याला काळ्या मार्करने सगळीकडून रंगवायचे, सुकू द्यायचे, पुन्हा हलक्या हाताने चेंबरमध्ये सोडून थोडे फिरवायचे आणि बाहेर काढून पाहायचे. जिथे धातू चमकतो तिथे ते घासले. आमच्याकडे बैलगाडीचा कणा तुंब्यात कुठे लागतो हे वंगणाच्या डागावरून ओळखतात. ही तीच युक्ती उलट्या बाजूने झाली.

चमक पुढे गोळीवर दिसली, आणि विशेषतः तिथे समान अंतरावर छोटे ओरखडे असले, तर गोळी नळीतल्या आट्यांना, म्हणजे रायफलिंगला, टेकते आहे. इथे बऱ्याच जणांची समजूत चुकते. एकूण लांबी २९.६९ मिमीच्या आत आहे म्हणजे काम झाले असे त्यांना वाटते, पण ते माप काडतूस मॅगझिनमध्ये मावावे यासाठीही असते, आणि गोळीचे नाक कसे आहे हे त्यातून कळत नाही. टोकदार नाकाची गोळी ज्या लांबीला मोकळी बसते, त्याच लांबीला बोथट, खांदे रुंद असलेली गोळी आट्यांवर जाऊन आदळते. शिवाय काही बनावटीच्या पिस्तुलांत, चेकोस्लोव्हाकियात सुरू झालेल्या सीझेडच्या पिस्तुलांची यात ख्याती आहे, आट्या चेंबरच्या बऱ्याच जवळून सुरू होतात, त्यामुळे एका पिस्तुलात चाललेले काडतूस दुसऱ्यात अडते. उपाय म्हणजे गोळी थोडी आणखी खोल बसवणे. मात्र ही सुधारणा दिसते तितकी निरुपद्रवी नाही. ९ मिमीची पुंगळी इतकी आखूड आहे की गोळी अर्धा मिलिमीटर आत गेली तरी दारू जळण्याची जागा लक्षात येण्याएवढी घटते आणि दाब वाढतो. म्हणून लांबी बदलली की दारूचे प्रमाण जुने तसेच ठेवायचे नसते. त्या गोळीसाठी आणि त्या लांबीसाठी छापील तक्त्यात दिलेल्या सर्वांत कमी प्रमाणापासून पुन्हा सुरुवात करायची असते. भाच्याला ही गोष्ट मी तीन रात्री तीनदा सांगितली, आणि चौथ्यांदाही सांगेन.

चमक अगदी तोंडाच्या काठावर असेल तर उमललेले तोंड पुरते सरळ झालेले नाही. इथे हिशेब मांडता येतो. पुंगळीची भिंत तोंडाशी साधारण ०.२८ मिमी जाड धरली आणि गोळी ९.०२ मिमीची असली, तर ९.०२ मध्ये दोन भिंतींचे ०.५६ मिळवून ९.५८ मिमी येतात, म्हणजे कमाल मापाच्या आत. आता कोणी ०.३८ च्या रिव्हॉल्व्हरसाठी ओतलेली ९.०९ मिमीची शिशाची गोळी, जाड भिंतीच्या, म्हणजे ०.३० मिमीच्या पुंगळीत घातली, तर बेरीज ९.६९ होते. हे काडतूस कितीही क्रिंप केले तरी नीट बसायचे नाही, कारण जाडी तोंडात नसून मुळात गोळीतच आहे. व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या पट्टीने, मोजलेला आकडा आणि कागदावरची बेरीज जुळली नाही, तेव्हा उमललेले तोंड सरळ झालेले नाही असे समजावे. जुळूनही जास्त आली, तर गोळी किंवा पुंगळी बदलावी.

क्रिंप म्हटले की 'थोडे जास्त आवळलेले बरे' असे मनात येतेच, आणि भाच्यानेही तेच केले होते. जास्त आवळण्याने दोन अपाय होतात. पहिला हा की तोंड आत वळले की पायरीवर टेकायला धार उरत नाही, काडतूस ठरल्यापेक्षा खोल जाते आणि पिनेचा ठोका हलका पडतो. दुसरा अधिक फसवा आहे. शिसे मऊ असल्यामुळे आवळताच दबते आणि तसेच राहते, पितळ मात्र थोडे उलटून सैल होते. परिणामी जास्त आवळल्याने गोळी घट्ट होण्याऐवजी ढिली होते. अशी ढिली गोळी मॅगझिनमधून चेंबरकडे जाताना उतारावर आपटली की पुंगळीत मागे सरकते, आणि मागे सरकली की वर सांगितलेला दाबाचा धोका पुन्हा उभा राहतो. तोंडाशी माप साधारण ९.५५ ते ९.६५ मिमीच्या दरम्यान आले की हात थांबवावा.

चमक तोंडाच्या खाली, गोळीचे बूड जिथे पोहोचते त्या पट्ट्यात आणि एकाच बाजूला दिसली तर गोळी तिरपी बसली आहे. तोंड पुरेसे उमलवलेले नसले की गोळी एका कडेवर अडून कलते, कधी तिची शिशाची साल निघून तोंडाशी गोळा होते, आणि पुंगळीच्या पोटाला एका बाजूने फुगवटा येतो. हाताने चाचपले तर तो कळतोही. हाच फुगवटा चारी बाजूंनी सारखा असेल तर क्रिंप करताना पितळ खाली दुमडले गेले असे समजावे.

चमक बुडाजवळ असेल तर पुंगळी पुरती दाबली गेली नाही. डाय प्रेसमध्ये थोडी उंच बसवली असली, किंवा पुंगळी एखाद्या सैल चेंबरच्या पिस्तुलातून आलेली असली, तर बुडाजवळचा शेवटचा पट्टा फुगलेलाच राहतो. नेमबाजीच्या मैदानावरून वेचलेल्या पुंगळ्यांत हे नेहमी होते.

प्राइमरकडे अनेक जण पाहतच नाहीत, कारण ती बाजू चेंबरच्या बाहेर राहते. परंतु ती बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत असली पाहिजे. वर आलेली प्राइमर स्लाइड पुरी बंद होऊ देत नाही आणि आपटली तर अवेळी पेटण्याचाही धोका असतो. बोट फिरवून कळते. अशा प्राइमरला भरलेल्या काडतुसात पुन्हा दाबून बसवायचा मोह आवरावा.

बाजारात मिळणाऱ्या गेजविषयी एक इशारा देतो. गेज म्हणजे चेंबरच्या किमान मापाचे भोक असलेला धातूचा ठोकळा, आणि पुंगळी जाड आहे की नाही हे तो चोख सांगतो. बहुतेक गेजांना आट्या नसतात, त्यामुळे गोळी नळीत टेकते की नाही हे त्यातून कळत नाही. गेजमध्ये पास होऊन पिस्तुलात नापास होणाऱ्या काडतुसांचे गूढ बहुधा इतकेच असते. माझ्या मते स्वतःची नळी हाच खरा गेज. तीही आधी पुसून घ्यावी, कारण पायरीपाशी शिशाचा किंवा मेणाचा थर साचला असला तर निर्दोष काडतूसही अडते आणि माणूस डायच्या मापांशी झटत बसतो.

काडतूस पिस्तुलातच अर्धवट अडकले आणि स्लाइड पुढेही जाईना, मागेही येईना, तर नळी सुरक्षित दिशेला, बोट घोड्यापासून दूर, मॅगझिन बाहेर, आणि स्लाइड हाताने सरळ मागे ओढून पाहावी. नाही आली तर जाणत्या कारागिराकडे जावे. हातोडीने स्लाइड पुढे ठोकणे, किंवा नळीच्या तोंडातून सळई घालून जिवंत काडतुसावर ठोके मारणे, हे दोन्ही प्रकार मी लोकांना करताना पाहिले आहेत. स्लाइड पुरती बंद झालेली नसताना काडतूस फुटले, तर पुंगळीचा उघडा राहिलेला भाग फाटून वायू आणि पितळेचे तुकडे थेट हातावर आणि तोंडावर येतात.

भाच्याच्या चौदा काडतुसांचा निकाल असा लागला. नऊंवर तोंडाखाली एका बाजूला चमक होती, आणि ती नऊही एकाच कारखान्याच्या जाड भिंतीच्या पुंगळ्यांत भरलेली निघाली. उमलवण्याचे माप त्याने पातळ पुंगळीवर लावून ठेवले होते. पाच बुडाशी घासत होती, ती मैदानावर वेचलेल्यांपैकी. पण मला खरी काळजी उरलेल्या शहाऐंशींची होती, ज्यांविषयी त्याची काही तक्रारच नव्हती. ती सगळी एकेक करून नळीत सोडायला सांगितली तेव्हा एक काडतूस आवाज न करता जवळजवळ दोन मिलिमीटर खोल गेले. ती पुंगळी ९ मिमीची नव्हतीच, ०.३८० या १७ मिमी लांबीच्या, दिसायला सख्ख्या भावासारख्या काडतुसाची होती आणि ढिगात मिसळली होती. पिस्तुलात स्लाइडने तिला मुकाट्याने आत नेले असते आणि फक्त एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या, नखाने धरून ठेवले असते.

ही पंधराही काडतुसे त्याने पुन्हा डायमध्ये घातली नाहीत, कारण जिवंत काडतुसाला साच्यात रेटणे म्हणजे अंगठ्याने स्लाइड रेटण्याचाच मोठा भाऊ. हातोडीच्या आकाराचे, आत काडतूस अडकवून ठोकल्यावर झटक्याने गोळी बाहेर काढणारे एक साधन मिळते. डोळ्यांवर चश्मा लावून त्याने ती त्यात एकेक मोडली. निघालेली दारू जुन्या डब्यात परत ओतू नये, वेगळी करून टाकावी, असे मी बजावले होते आणि त्याने ते ऐकले. जाड भिंतीच्या नऊ पुंगळ्यांपैकी दोघींच्या तोंडाला बारीक चीर आढळली. त्या त्याने चिमट्याने चेपून भंगारात टाकल्या आणि बाकीच्यांसाठी उमलवण्याचे माप नव्याने लावायला घेतले.